गोव्याच्या पावसाळ्यात घरातील धुण्याचा ढीग कसा आवरावा?

फोंड्यात चार माणसांचे घर सांभाळताना माझ्या लक्षात आले की, पावसाळ्यात खरी अडचण धुण्याची नसून वाळवण्याची असते. जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर राहते आणि दोरीवर जागा नसली की धुतलेले कपडे ओलेच साचून कुबट होतात. म्हणून दोरीवर मावतील तेवढेच कपडे रोज धुवावेत, यंत्रात ते दोनदा पिळून घ्यावेत आणि दोन कपड्यांत चार बोटांचे अंतर राखून पंख्याखाली वाळत घालावेत, कारण खेळती हवा कपड्यांभोवतीचा दमटपणा दूर नेते. जाड चादरी उघडीप मिळेपर्यंत न भिजवलेल्याच बऱ्या. घड्या मात्र ज्याच्या त्याने घालाव्यात. आमच्याकडे हे पटवायला दोन पावसाळे लागले.