नेत्रदान केलं, मग पुनरुत्थानाचं काय?

प्रश्न: वडील गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही नेत्रदान केलं. आता काही नातेवाईक म्हणतायत, शेवटच्या दिवशी देह उठणार तर तो पूर्ण नको का? बाकीचे म्हणतात ते स्वर्गात गेले, रडू नका. आत्मा स्वर्गात गेलाच असेल तर देह उठायचा कशाला? आणि बायबलमधला लाजर, ज्याला येशूने कबरेतून उठवलं, तोही उठला होता की, मग येशूच्या उठण्यात वेगळं काय?
– एक वाचक

उत्तर: ताई, लाजरपासून सुरू करू. तो चार दिवस कबरेत होता, प्रभूने हाक मारली आणि बाहेर आला, पण आला तो याच आयुष्यात, म्हणजे पुढे कधीतरी त्याला परत मरण होतंच. येशूचं तसं नाही. तो मागे आला नाही, मरणाच्या पार गेला, प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात स्पष्ट लिहितो की मरणाची त्याच्यावर आता सत्ता चालत नाही.

पण पार गेला म्हणून तो नुसता आत्मा झाला असंही नाही. लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो की शिष्यांना भूत दिसतंय असं वाटलं तेव्हा त्याने त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला, आणि योहानाच्या शुभवर्तमानात बघा, दारं बंद असताना तो आत येतो आणि थोमा या शिष्याला हातावरचे खिळ्यांचे वण दाखवतो. मला हे वण फार मोलाचे वाटतात. देवाने जुना देह टाकून दुसराच कुठला दिला नाही, जो वधस्तंभावर गेला तोच उठवला, आणि तरी त्याच्या शिष्या मग्दालीया मरीयेला तो आधी ओळखूही आला नाही, तिला वाटलं माळी आहे. तोच, पण नवा. तुमचे वडीलही देहात अडकलेला आत्मा नव्हते, त्यांचा आवाज, त्यांचे हात म्हणजेच ते होते ना? म्हणून तर ते आज प्रभूजवळ आहेत असं मानूनही मंडळी, म्हणजे चर्च, विश्वासांगीकारात, म्हणजे आपण उपासनेत म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत, शरीराच्या पुनरुत्थानाची वाट बघते.

आता डोळ्यांचं. मेलेले कसे उठणार, कसल्या शरीराने येणार, हे करिंथच्या लोकांनीही विचारलं होतं आणि पौलाने बियाचं उदाहरण दिलं, पेरतो ते बी आणि उगवतं ते काहीतरी वेगळंच, देव त्याला शरीर देतो. देव देतो, आपण जपून ठेवलेल्या भागांतून ते जोडलं जात नाही. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योन इथे ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली होती, यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून. म्हणजे देह नष्ट झाला की संपलं हे छळ करणाऱ्यांचं म्हणणं होतं, मंडळीने ते कधी मानलं नाही.

आणि पुनरुत्थान काही फक्त शेवटच्या दिवसासाठी ठेवलेलं नाही. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तो 15 वा अध्याय, एवढा मोठा, संपतो कुठे तर प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत इथे, आणि लगेच पुढची ओळ वर्गणीची, यरुशलेमच्या भावंडांसाठी दर रविवारी काहीतरी बाजूला काढून ठेवा! अध्यायांचे आकडे नंतर आले, त्याने सलगच लिहिलं होतं. देव देहाला उठवणार आहे म्हणूनच दुसऱ्याच्या देहाची भूक, आजार, अंधत्व आपल्याला सोडून देता येत नाही, आणि तुमच्या वडिलांनी केलं ते मला याच विश्वासातलं वाटतं.

राहिलं रडण्याचं. रडू नका म्हणणारे मनाने चांगलेच असतील, पण लाजरला आपण थोड्याच वेळात उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. पौलही शोक करूच नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. तेव्हा तुम्हाला रडू येतंय तर रडा ताई, आणि कोणी टोकलंच तर त्यांना योहानाचा 11 वा अध्याय वाचायला सांगा.