खाली दुकान, वर घर : बाथमधल्या मिल्सम स्ट्रीटची गोष्ट

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला गेलो होतो तेव्हा एक दिवस बाथला जाऊन आलो. मिल्सम स्ट्रीटवर खाली सगळी काचेची दुकानं, पण मान वर केली की एकदम जुनी दगडी घरं, ओळीत सारख्या खिडक्या. ही मुळात घरंच होती का? आणि खालची भिंत काढून दुकान केलं तर वरचे मजले उभे कशावर आहेत?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हो, घरंच होती ती. मिल्सम स्ट्रीट १७६० च्या दशकात राहण्यासाठीच बांधायला घेतला, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी श्रीमंत मंडळी सीझनला बाथला यायची आणि अशी टाउनहाउसं, म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीत उभी असलेली उंच शहरी घरं, भाड्याने घ्यायची. पण १८०० च्या आसपास तो चांगला फॅशनेबल खरेदीचा रस्ता झालेला होता.

वरच्या खिडक्या नीट बघितल्यात तर घर अजून वाचता येतं. पहिल्या मजल्याच्या सगळ्यात उंच, कारण दिवाणखाना तिथे, पाहुणे तिथे बसायचे. त्याच्यावर झोपायच्या खोल्या म्हणून खिडक्या बुटक्या होत जातात, आणि नोकरमाणसं थेट छपराखाली. स्वयंपाकघर तळघरात, कोळसा फुटपाथखालच्या कोठीत. दुकान करताना घरापुढचा तळघराचा खड्डा आणि त्याचं रेलिंग होतं ते झाकून टाकलं की दुकान थेट फुटपाथला येऊन भिडतं.

आता तुमचा खरा प्रश्न. आधी वरच्या भिंतीला टेकू देतात, मग खालची पुढची भिंत काढून रस्त्याला समांतर एक दणकट तुळई टाकतात, पूर्वी लाकडाची असायची, मग लोखंडाची आली, नंतर स्टीलची. ती दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींवर टेकते आणि लांबी जास्त असेल तर मधे बिडाचे बारीक खांब. वरच्या सगळ्या दगडाचा भार असा बाजूला नेलेला असतो. दुकानाच्या नावाची लांब पाटी असते ना, साधारण तिच्याच मागे ही तुळई दडलेली असते! आधीच्या दुकानांना छोट्या छोट्या तावदानांच्या खिडक्या होत्या, १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला आणि मोठ्या अखंड काचा परवडायला लागल्या, तेव्हापासून खालचा मजला असा उघडाबोडका दिसायला लागला.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते जिथे एकाच दुकानाने शेजारशेजारची घरं घेतलीयत ते. रस्ता चढाचा, त्यामुळे प्रत्येक घराची जमीन थोडी वेगळ्या उंचीवर, म्हणून मधल्या भिंतीला दार पाडलं की दोनतीन पायऱ्या येतातच. अशा पायऱ्या लागल्या की समजायचं आपण एका घरातून दुसऱ्या घरात आलो. जॉलीज हे मोठं दुकान १८३० च्या दशकापासून याच रस्त्यावर होतं आणि तेही असंच घरामागून घर घेत वाढलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. खाली जागा वाढवायची म्हणून इंग्लंडमध्ये खूप ठिकाणी मूळ जिनाच काढला किंवा वर जायचं स्वतंत्र दार बंद केलं, मग वरचे सुंदर दिवाणखाने गोडाऊन होतात नाहीतर रिकामे पडून राहतात. आता लिस्टेड, म्हणजे संरक्षित वारसा यादीतल्या इमारतीत असा बदल करायला परवानगी लागते, पण आधी गेलेले जिने काही परत येत नाहीत. म्हणून जुन्या घरात दुकान जरूर करावं, फक्त जिन्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

पुन्हा गेलात तर बाथमधल्या जुन्या घरांची मागची बाजूही बघा. पुढे घडीव, गुळगुळीत बाथ स्टोन, म्हणजे तिथला मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड, आणि मागे बऱ्याचदा साधे ओबडधोबड दगड, खिडक्याही ज्याने त्याने हव्या तिथे काढलेल्या.