मेन्स ग्रुपमध्ये जावं का? आधी एका घरी जाऊन ये

घोडबंदर रोडला नवीन राहायला आलायस, कॉम्प्युटरचं काम करतोस, रविवारी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) संपल्यावर एका काकांनी "मेन्स ग्रुपला ये", म्हणजे चर्चच्या पुरुषांच्या गटाला ये, म्हटलं, आणि तुला शंका आहे की तिथे रिटायर्ड मंडळी समोसे खात फीस्टच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मंडपावर चर्चा करत असतील. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो. ठाण्यातल्याच एका पॅरिशच्या (चर्चच्या वस्तीच्या) अशा गटात मला सोळा वर्षं झाली. तुझी शंका अर्धी खरी आहे. समोसे असतात. मंडपावरून भांडणंही होतात.

पण बैठक बघून ठरवू नकोस. बैठकीत मलाही जांभया येतात. खरं काम गरजूंच्या घरभेटीचं. त्याची पद्धत आम्ही गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक संस्थेची उचललीय. दोघांनी मिळून जायचं, कुणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही, आणि बैठकीत पिशवी फिरते तिच्यात प्रत्येकाने बंद मूठ घालायची. कुणी किती टाकले, टाकले की नाही, कुणालाच कळत नाही. आणि हे म्हाताऱ्यांचं काम म्हणशील तर १८३३ मध्ये पॅरिसला ही सोसायटी सुरू झाली तेव्हा ती सुरू करणाऱ्यांतला फ्रेडरिक ओझानम वीस वर्षांचा विद्यार्थी होता. "तुमचं चर्च आज करतंय काय?" असं एका वादात कुणीतरी सुनावलं, ते या पोरांना लागलं. गरिबांची दारं दाखवली ती गरिबांत काम करणाऱ्या नन सिस्टर रोझाली यांनी.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्याच वर्षी वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका चाळीत तांदूळ, तेल, डाळ घेऊन एका आजोबांकडे गेलो. दारातच पिशवी दिली, फोटो काढला. आजोबा म्हणाले, "आत नाही येणार?" माझा जोडीदार चप्पल काढून आत जाऊन बसला. मी उंबऱ्यात उभा, घड्याळ बघत. त्याने गप्पा लावल्या तेव्हा कळलं, तांदूळ त्यांना रेशनवर मिळतच होता. चष्म्याची काडी मोडली होती, दोऱ्याने कानाला बांधलेली, एका काचेला तडा. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येत नव्हतं म्हणून सकाळची गोळी रात्री चालली होती. चष्म्याचं काम दोन दिवसांत झालं. माझा फोटो मात्र तोवर व्हॉट्सॲपवर फिरून त्यांच्या पुतण्यापर्यंत पोचला होता. पुढच्या वेळी आजोबांनी दार अर्धंच उघडलं. तेव्हापासून भेटीला जाताना माझा फोन स्कूटरच्या डिकीत असतो.

तो जोडीदार वसईकडचा, टेम्पो चालवणारा, मी बँकेतला. एरवी आमची गाठ पडायचं कारणच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला पटायचंही नाही. माझे वडील गेले तेव्हा आम्ही जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर राहायचो. लिफ्टमध्ये शवपेटी बसत नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती तिरकी करून, कठड्यावरून उचलून न्यावी लागते, आणि खालच्या बाजूला असतो त्याच्यावर सगळा भार येतो. खालच्या बाजूला तो होता. भाऊ दुबईला, चुलते सत्तरीचे. बाकीचे पाचही ग्रुपचेच, त्यातल्या दोघांशी माझं आदल्याच आठवड्यात मंडपाच्या हिशेबावरून वाजलं होतं.

तुझ्या कामाचं म्हणशील तर तुझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याची आम्हाला भलतीच गरज असते. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचं हयातीचं प्रमाणपत्र, रेशनकार्डाचं ई-केवायसी, इस्पितळाची ऑनलाइन अपॉइंटमेंट. यात म्हातारी माणसं फार अडतात. मराठी चांगलं असेल तर आणखी बरं. आमची बैठक इंग्रजीत चालते, घरभेट मराठीत. फक्त लॅपटॉप आहे म्हणून पहिल्याच वर्षी तुला सेक्रेटरी करायला बघतील, तेवढं टाळ. मग नुसते मिनिट्स लिहीत बसशील.

त्या काकांना एवढंच विचार, "घरी कोण जातं?" १९ मार्चला सेंट जोसेफच्या फीस्टचं जेवण आणि वर्षाची एक पिकनिक, एवढंच सांगितलं तर तुझी शंका पूर्ण खरी समज आणि शेजारच्या पॅरिशमध्ये चौकशी कर. कुणी जात असेल तर पुढच्या भेटीला त्याच्याबरोबर जा. चहा पुढे आला की नको म्हणू नकोस. शुगर असेल तर बिनसाखरेचा माग.