सहीच्या आधी वाचून दाखव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोकरी लागल्याचा आनंद आणि ती पुरुषांच्या लाइफस्टाइल मासिकात लागली म्हणून घरात उडालेला भडका, दोन्ही मोकळेपणाने लिहिलंस हे बरं केलंस. वडील म्हणतात, असल्या मासिकात आज ना उद्या वाद होणारच. ऑफिसातले म्हणतात, वाद झाला की अंक खपतो. दोघांचंही खरं आहे. पण उद्या कव्हरवरून गदारोळ झाला तर तू कुठे उभी राहायचं, याचं उत्तर दोघांकडेही नाही, आणि तू मला नेमकं तेच विचारलं आहेस.

मुंबईत मासिकांच्या फोटो डेस्कवर माझी उमेदीची वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते. वाद पेटला की टीव्हीवाले, पुढारी, शेजारीपाजारी सगळे एकच मोजत बसतात: अंग किती उघडं होतं. तू आधी विचार, जिचा फोटो आहे तिला विचारलं होतं का, आणि काय सांगून विचारलं होतं.

या धंद्याची सुरुवातच मुळात न विचारता झाली आहे. १९५३ च्या डिसेंबरात शिकागोहून ‘प्लेबॉय’चा पहिला अंक निघाला. त्यातला मेरिलिन मन्रोचा नग्न फोटो मासिकासाठी काढलेला नव्हताच. १९४९ मध्ये हाताशी पैसे नव्हते म्हणून तिने एका कॅलेंडरसाठी तो काढू दिला होता आणि त्याचे तिला ५० डॉलर मिळाले होते. मासिक काढणाऱ्या ह्यू हेफ्नरने तो कॅलेंडर कंपनीकडून ५०० डॉलरला उचलला. अंक पन्नास हजारांवर खपला, मासिक उभं राहिलं. मन्रोला कोणी विचारलं नाही, त्या छपाईचा एक छदामही तिच्या हाती आला नाही. कायद्याने हेफ्नरचं काही चुकलं नव्हतं. मला मात्र हे आजही खटकतं, आणि तुलाही खटकत राहावं अशी माझी इच्छा आहे.

आपल्याकडे सत्तरीच्या दशकात मुंबईत ‘डेबोनेअर’ आलं. १९७४ पासून विनोद मेहता त्याचे संपादक होते. मधल्या पानावरच्या फोटोमुळे लोक ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेत. पण त्याच अंकात दमदार मुलाखती असत, कवितेचं पान असे, आणि ते पुढे कवयित्री इम्तियाझ धारकर बघत असत. त्या मासिकाला मी नाक मुरडणार नाही. चांगलं लिहिणाऱ्या कितीतरी जणांना त्याने छापलं, मानधन दिलं. मात्र मधल्या पानावरच्या मुलींशी काय बोलणं झालं होतं, त्यांना काय कबूल केलं होतं, याची चर्चा मी कुठल्याही वादात ऐकली नाही.

आता मुंबईतलेच दोन वाद बघ. १९९५ मध्ये मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांची बुटांची जाहिरात आली. पायात बूट, अंगाभोवती अजगर, बाकी काही नाही. मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अजगरामुळे वन्यजीव कायद्याखाली वेगळं प्रकरण झालं, आणि अश्लीलतेच्या खटल्यातून निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. चौदा वर्षं! दोघंही सज्ञान, दोघांनीही समजून उमजून काम केलेलं, फोटोतल्या कोणाचीच तक्रार नाही. २०२२ च्या जुलैमध्ये रणवीर सिंगचे ‘पेपर’ या अमेरिकन मासिकातले फोटो आले आणि चेंबूर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तिथेही फोटो काढून देणारा स्वतः राजीखुशीने उभा होता. आपल्या भावना दुखावल्या ही तक्रार करणारे दुसरेच होते. असा वाद तुमच्या अंकावर आला तर वकील बघून घेतील. तू घाबरू नकोस, आणि घरच्यांनाही घाबरू देऊ नकोस.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. जुन्या दंडविधानातलं २९२ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालं आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. हे कलम वाचणाऱ्याच्या, बघणाऱ्याच्या मनाचा विचार करतं: त्याचं मन बिघडेल का, वासना चाळवेल का. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात इंग्रजांच्या काळातली जुनी कसोटी बाजूला ठेवली आणि चित्र त्याच्या संदर्भात, आजच्या समाजाच्या नजरेने बघा असं सांगितलं. टेनिसपटू बोरिस बेकरचा त्याच्या कृष्णवर्णीय वाग्दत्त वधूबरोबरचा नग्न फोटो होता तो. वर्णद्वेषाच्या विरोधातला त्याचा अर्थ न्यायालयाने लक्षात घेतला. निकाल उत्तम आहे, सवडीने वाच. पण या सगळ्या चर्चेत फोटोतल्या माणसाची मर्जी हा मुख्य मुद्दा नसतो. त्यासाठी वेगळी कलमं आहेत, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं खासगीपणाच्या भंगाबद्दलचं ६६ ई आहे, बदनामीचा कायदा आहे. गदारोळात त्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही.

म्हणून खुशबूचं उदाहरण मी तुला जरा सविस्तर सांगणार आहे. ही तमिळ चित्रपटांतली मोठी नटी. २००५ मध्ये लग्नाआधीच्या संबंधांबद्दल एका साप्ताहिकात तिने आपलं मत मांडलं, आणि तमिळनाडूत तिच्याविरुद्ध वीसहून जास्त तक्रारी दाखल झाल्या. मोर्चे निघाले, संस्कृती बुडाली म्हणून ओरड झाली. हे चालू असतानाच २००६ च्या जानेवारीत ‘मॅक्सिम’ या पुरुषांच्या परदेशी मासिकाची भारतीय आवृत्ती सुरू झाली आणि पहिल्याच अंकात तिचा चेहरा दुसऱ्याच अर्धनग्न शरीरावर चिकटवून छापला. चित्र बनावट आहे असं पानावर लिहिलेलं होतं, गंमत म्हणून केलं होतं. तिने पोलिसांत तक्रार केली, मासिकाला माफी मागावी लागली.

आधीच्या प्रकरणात ती स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नावाने बोलली होती, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या तक्रारी रद्द केल्या. नंतरच्या प्रकरणात तिचा चेहरा तिला न विचारता उचलला होता. दोन्ही वेळी बाहेरचा आवाज सारखाच होता: अश्लील, निर्लज्ज, संस्कृतीला काळिमा. लोकांनी दोन्ही एकाच पारड्यात टाकलं. तुला तसं करता येणार नाही. पहिल्या प्रसंगी तू लेखिकेच्या, बोलणाऱ्या बाईच्या पाठीशी उभं राहायचं, मग मोर्चा ऑफिसच्या दारात आला तरी. दुसऱ्या प्रसंगी तुझ्या मासिकाच्या विरोधात बोलायचं, आणि तेही पान छापायला जाण्याआधी.

२०११ च्या डिसेंबरचं ‘एफएचएम’ या पुरुषांच्या मासिकाचं कव्हर तुला आठवत असेल. पाकिस्तानी नटी वीणा मलिक, दंडावर आयएसआय ही अक्षरं. सीमेच्या दोन्ही बाजूंना देशाच्या अब्रूवर चर्चा झाल्या. ती म्हणत होती, असा फोटो मी दिलाच नाही, यात फेरफार केला आहे, आणि तिच्या बाजूने दहा कोटींची नोटीस गेली. संपादक म्हणत होते, फोटो खरा आहे, आमच्याकडे पुरावे आहेत. गुप्तचर संस्थेच्या त्या तीन अक्षरांवर जितकं बोललं गेलं, त्याच्या शतांशही बोलणं त्या दोघांमधल्या कागदावर झालं नाही. कुठली फ्रेम छापायची, कुठली नाही, रिटचिंग कुठपर्यंत, शेवटचं कव्हर तिला दाखवायचं की नाही, हे फ्रेमच्या नंबरासकट लिहून दोघांच्या सह्या असल्या की असा वाद दुपारपर्यंत मिटतो.

त्या कागदाबद्दलच तुला खरं बजावायचं आहे. आपल्याकडे त्या संमतीपत्राला सगळे रिलीज म्हणतात. मालाडच्या एका स्टुडिओत पाहिलेलं सांगते. कळव्याची मुलगी, पहिलंच मोठं काम. शूट संपलेलं, मेकअप पुसलेला, नजर सारखी घड्याळाकडे. को-ऑर्डिनेटरने पुढ्यात बारीक इंग्रजी टायपातली दोन पानं टाकली आणि म्हणाला, “साइन कर दे, फॉर्मॅलिटी है.” पेन तिच्या हातात होतं. मी शेजारची खुर्ची ओढली आणि एकेक कलम मराठीत वाचून दाखवायला लागले. फोटो कायमस्वरूपी, जगभर, कोणत्याही माध्यमात वापरता येतील, या ओळीवर तिने मला थांबवलं. “म्हणजे ताई, उद्या कुठल्या गोळ्यांच्या जाहिरातीत पण येऊ शकतो का माझा फोटो?” येऊ शकतो, म्हटलं. तिने ते कलम खोडायला सांगितलं. खोडलं, बाजूला दोघांच्या लघुस्वाक्षऱ्या झाल्या. को-ऑर्डिनेटर माझ्यावर उखडला. अंक वेळेवर निघाला.

तेव्हा कागद शूटच्या आधी द्यायचा, आदल्या दिवशी दिला तर उत्तम. दमलेल्या, शेवटची लोकल गाठायच्या घाईत असलेल्या मुलीची सही घ्यायची नाही. तिला कळतं त्या भाषेत वाचून दाखवायचं. वयाचा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एजन्सीच्या शब्दावर जायचं नाही. मुलगी अठराच्या आतली निघाली तर तिच्या संमतीला कायद्यात अर्थच उरत नाही, आणि २०१२ चा पॉक्सो कायदा कोणालाही सोडत नाही. कपड्यांबद्दल जे ठरलं असेल ते सेटवर बदलायचं नाही. फोटोग्राफर कितीही नावाजलेला असो, “अभी मूड बना है” म्हणाला की तू मध्ये उभी राहा.

आता यात नवी भर पडली आहे. खुशबूच्या वेळी चेहरा चिकटवायला कसबी माणूस लागत होता. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ देशभर फिरला. तुमच्या डिझायनरला कव्हरवरच्या मुलीचा ड्रेस बदलणं, कंबर कमी करणं, पाय लांब करणं आता चहा थंड व्हायच्या आत जमतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या बाबतीत स्पष्ट केलं की परवानगीशिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याचा आवाज बनवता येणार नाही. शरीराला वेगळा न्याय लावायचं मला तरी काही कारण दिसत नाही. तेव्हा रिलीजमध्ये एआयने काय बदलता येईल आणि काय नाही, याची ओळ घालायला संपादकांच्या मागे लाग. हे आज कोणी मनावर घेत नाही, म्हणूनच तू घे.

वडिलांना वाटतं की सभ्य माणसं असल्या मासिकांच्या वाटेला जात नाहीत. त्यांना र. धों. कर्व्यांबद्दल सांग. याच मुंबईत १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. महर्षी कर्व्यांचा मुलगा, एकेकाळचा विल्सन कॉलेजातला गणिताचा प्राध्यापक, आणि मासिकाच्या कव्हरवर नग्न स्त्रीचं चित्र. लैंगिक विषयांवर उघडपणे लिहिलं, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, २०० रुपये दंड झाला, मासिक बंद पडलं नाही. ज्या वाचकाला विचारायला दुसरं कोणी नव्हतं त्याला उत्तर मिळत होतं, आणि त्यात कोणाचा चेहरा ओरबाडलेला नव्हता. अशा गोष्टीसाठी तुझं नाव पोलीस ठाण्यात गेलं तर मला अभिमानच वाटेल.

वाद उठलाच तर पहिला फोन त्या मुलीला कर. वकिलाला, पीआरवाल्यांना फोन करणारे बरेच असतात. ती मीरा रोडला पीजीमध्ये राहत असते, घरमालकीण दार वाजवत असते, गावाहून भावाचे फोन येत असतात, आणि मासिकातून तिची चौकशी करणारं कोणी नसतं. ईमेल, कच्च्या फाइल, कॉन्टॅक्ट शीट (शूटच्या सगळ्या फ्रेम एकत्र असलेलं पान) काही डिलीट करू नकोस, कोणी सांगितलं तरी. स्वतःच्या अकाउंटवर काही लिहू नकोस. तिची बाजू खरी आहे असं दिसलं तर संपादकांना लेखी कळव, तोंडी नको.

तू विचारलंस की कव्हरवर छापायची जी ओळ मुलगी नको म्हणाली असेल तीच संपादक तुला लिहायला सांगतील, तेव्हा काय करायचं. लिहू नकोस. दुसरी चांगली ओळ लिहून समोर ठेव, बहुतेक वेळा ती चालते. नाहीच चालली तर त्यांना त्यांची लिहू दे, आणि मला फोन कर. नोकऱ्या या शहरात अजून आहेत. लोअर परळपासून अंधेरीपर्यंत माझ्या ओळखीची माणसं बसलेली आहेत, त्यांच्याशी मी बोलेन.

रिलीजचा माझा जुना मराठी मसुदा सोबत पाठवते आहे. त्यातलं मानधनाचं कलम जुनं झालं आहे, ते तुमच्या वकिलांकडून नव्याने लिहून घे. हिंदी मसुदा माझ्याकडे नाही, तो तू तयार कर आणि छापण्याआधी एकदा मला दाखव.

तुझी ताई