पोकलेनची चेन : ताठ बरी की ढिली?

प्रश्न : सर नमस्कार, माझं वीस टनी पोकलेन परभणीकडे शेततळी आणि नाला खोलीकरणाला असतं. पहिल्या पावसानंतर आठवड्यात दोनदा चेन उतरली. ऑपरेटरने ग्रीस मारून मारून एकदम ताठ केली, आता उतरत नाही पण चालताना कटकट वाजतं आणि चढाला मशीनला दम लागतो. बरोबर केलं का त्याने? – एक मशीनमालक, परभणी

उत्तर : भाऊ, ढिली चेन (पोकलेन ज्यावर चालतं तो लोखंडी पट्टा, ग्रीस भरलं की ताठ होतो) उतरते हे त्याचं खरंय, पण त्याने चेन बघितली कुठे? माझा अंदाज, सकाळी शेडसमोर कोरड्या जागेवर. तुमच्याकडची काळी माती ओली झाली की चपलेला कशी चिकटते तुम्हाला सांगायला नको, तीच माती स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांच्या खाचांमध्ये जाऊन ठासते, खाच भरली की चेनचा बुश (कड्या जोडणाऱ्या पिनवरची नळी) खाली पूर्ण बसत नाही, म्हणजे जणू स्प्रॉकेटच मोठं झालं, आणि चेन तेवढीच असल्यामुळे ती आपोआप ओढली जाते. सकाळी बरोबर असलेली चेन दुपारी तारेसारखी ताठ झालेली असते आणि कुणी ग्रीसचा एक थेंबही मारलेला नसतो! वर तुमच्या माणसाने अजून ग्रीस मारलं. दम लागतो तो त्याचाच, बराचसा जोर चेन फिरवण्यातच चाललाय, डिझेलचा हिशोब बघा एकदा. पिन, बुश, स्प्रॉकेट, आयडलर (पुढचं बिनदातांचं चाक) सगळंच घासत असणार, आणि अंडरकॅरेजचा, म्हणजे या खालच्या चालण्याच्या भागाचा, खर्च काय असतो तो मालकालाच माहीत.

म्हणून चेन ज्या मातीत काम आहे त्याच मातीत, थोडं चालवून झाल्यावर बघायची. चिखलात जरा ढिली, दगडात जरा ओढलेली. आणि रोज संध्याकाळी फावड्याने माती काढायची, रात्रभर वाळली की सकाळी विटेसारखी होते. हेल्पर कुरकुर करेल, करू दे.

मापायचं कसं ते सांगतो, कारण बरेच जण बुटाने चेनवर लाथ मारून 'ठीक आहे' म्हणतात. वरचा भाग ९० अंशात आडवा फिरवा, बकेटची गोल पाठ जमिनीवर टेकवून बूम (मशीनचा मोठा हात) दाबा म्हणजे त्या बाजूची चेन अधांतरी उचलली जाईल, बूम आणि आर्म (बूमला जोडलेला पुढचा हात) यांच्यामध्ये ९० ते ११० अंशाचा कोन ठेवा. चेन पुढे-मागे फिरवून माती झटका. मग खाली लोंबणाऱ्या चेनचं मधोमध माप घ्यायचं, ट्रॅक फ्रेमच्या (चेन ज्याभोवती फिरते त्या सांगाड्याच्या) खालच्या कडेपासून शू प्लेटच्या (चेनवरच्या लोखंडी पाटीच्या) आतल्या बाजूपर्यंत. वीस टनी मशीनला काही मेकमध्ये हे ३०० मिलिमीटरच्या थोडं वर असतं. उचललेल्या मशीनखाली कुणी शिरायचं नाही, बाजूनेच टेप लावायचा.

आता गोंधळ इथे होतो. कोमात्सू पीसी २०० ला माप वरच्या बाजूला घेतात, मशीन जमिनीवरच, आयडलर आणि वरचा कॅरिअर रोलर (चेनचा वरचा भाग पेलणारा) यांच्यामध्ये सरळ लाकडी पट्टी ठेवून चेन किती झोळ खाते ते बघायचं, तिथे १० ते ३० मिलिमीटर. एकाने हा ३० चा आकडा ऐकून उचललेल्या चेनला लावायचा प्रयत्न केला होता, दोन ग्रीस गन संपल्या! तेव्हा तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये जी पद्धत आहे तिचाच आकडा धरा.

एवढं करूनही उतरत असेल तर ताठ-ढिलीचा विचार सोडून आयडलरची कड आणि रोलर किती झिजलेत ते बघा. आणि ऑपरेटरला विचारा, उतारावर जागच्या जागी गर्रकन वळवतो का म्हणून.

प्रश्न : काका, चेन ढिली करताना वॉल्व्हमधून ग्रीस एवढ्या जोरात आलं की माझा हात थोडक्यात वाचला. हे नॉर्मल आहे का? – हेल्पर, चंद्रपूर

उत्तर : बाळा, वाचलास. ट्रॅक फ्रेममध्ये एक सिलिंडर असतो, ग्रीस भरलं की दट्ट्या आयडलरला पुढे ढकलतो आणि चेन ओढली जाते, मागे भलीमोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. त्यामुळे आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. वॉल्व्ह हळूहळू सोडायचा, एका फेऱ्याच्या वर कधीच नाही, आणि तोंड-हात त्याच्या समोर नको, बाजूला उभं राहायचं. ग्रीस येत नसेल तर ऑपरेटरला मशीन थोडं पुढे-मागे घ्यायला सांग, वॉल्व्ह अजून खोलू नकोस. ग्रीस भरायचं निप्पल तर कधीच सोडायचं नाही.

आणि हे नीट ऐक, ग्रीस कातडीत घुसलं तर बाहेरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं. हळद लावून कामाला लागलास तर बोट जाऊ शकतं. ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला, आणि डॉक्टरला 'प्रेशरचं ग्रीस आत गेलंय' असं स्पष्ट सांगायचं.

प्रश्न : आयडलर पार पुढे आलाय, तरी चेन ढिली. मेस्त्री म्हणतो एक लिंक (चेनची कडी) काढून टाकू. काढू का? – सिन्नर

उत्तर : मेस्त्रीचा स्वस्तातला उपाय आहे, चार दिवस चालेलही. पण चेन लांबली ती का? प्रत्येक पिन-बुश थोडा थोडा झिजून दोन बुशांमधलं अंतर वाढलंय, ते एक लिंक काढून कमी होत नाही. वाढलेलं अंतर स्प्रॉकेटच्या दातांना जुळत नाही, दात टोकदार होत जातात. आधी पिन-बुश मोजून घ्या, साधी ड्राय (आत वंगण नसलेली) चेन असेल आणि वेळेत पकडलं तर बुश अर्धा फेरा फिरवून बसवता येतात. हद्द संपली असेल तर चेन आणि स्प्रॉकेट जोडीनेच बदला.

मात्र ग्रीस मारल्यावर चेन ताठ होऊन दोन दिवसांत परत ढिली होत असेल तर ही झीज नाही, वॉल्व्ह नाहीतर सिलिंडरचं सील गळतंय. सील बदलायला स्प्रिंगची असेंब्ली साइटवर खोलू देऊ नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो, ती प्रेस असलेल्या वर्कशॉपलाच पाठवा.