शेवटी छान इस्त्री फिरवते, तरी घरी शिवलेल्या कुर्त्याची शिलाई फुगलेली का दिसते?

तुम्ही लिहिलंय, 'पूर्ण कुर्ता शिवून झाला की शेवटी इस्त्री फिरवते.' त्यातलं 'शेवटी' चुकलं आणि 'फिरवते'ही चुकलं. टीप सरळ येते म्हणताय, म्हणजे मशीनचा दोष नसावा.

खांद्याची शिलाई न दाबताच वर गळ्याची पट्टी लावली, की ती शिलाई पट्टीखाली अडकते. मग बाहेरून कितीही इस्त्री तापवा, आतली माया (टिपेबाहेर उरलेलं कापड) चुरगळलेलीच राहते. म्हणून एका शिलाईवरून दुसरी आडवी जाण्याआधी पहिली दाबून झालेली हवी. दर टिपेला उठायचा कंटाळा मलाही येतो. मी एकमेकींना न छेदणाऱ्या चार-पाच शिलाया आधी घालून घेते आणि मग एकदमच इस्त्रीपाशी जाते.

आता 'फिरवणं'. धुतलेल्या कपड्यावर आपण इस्त्री सरकवतो. ताज्या शिलाईवर तशी सरकवली तर कापड ताणलं जातं, उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं असेल तर फारच. इथे इस्त्री ठेवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, उचलायची, पुढे ठेवायची. आधी शिलाई जशी घातली तशीच, दोन्ही माया एकावर एक असताना, टिपेवर दाबा. दोरा कापडात बसतो आणि बारीक चुण्या निघून जातात. ही पायरी मी कित्येक वर्षं गाळली, आणि चुण्या आल्या की दोऱ्याच्या ताणाला दोष देत बसले. मग कापड उलट्या बाजूने पसरून माया नखाने उघडा आणि इस्त्रीच्या टोकाने दाबा. शेवटी सुलट्या बाजूने, वर मलमलचा ओलसर फडका टाकून. इस्त्री उचलली की कापड मात्र लगेच हलवू नका, गार होऊ द्या. गरम असतानाच उचललं तर दाबलेलं पुन्हा सैल पडतं. मी वर सागाचा एक गुळगुळीत ठोकळा ठेवते, पॉलिश न केलेला. लाकूड वाफ शोषून घेतं आणि शिलाई चपटी बसते.

प्रिन्सेस कटच्या ब्लाऊजला एवढ्याने भागत नाही. मुंढ्यापासून (बाही जोडतात त्या गोलाईपासून) छातीवरून कमरेपर्यंत उतरणारी ती शिलाई सपाट टेबलावर दाबलीत, तर जो गोलावा आणायला एवढी खटपट केली तोच चेपून जातो, आणि बाजूला एक चुणी पडते ती वेगळीच. त्यासाठी उशी लागते: जाड सुती कापडाची, अंड्याच्या आकाराची, आत लाकडाचा भुसा ठासून भरलेली. कापूस किंवा फोम नको, इस्त्रीखाली दबतो. मी भुसा सुताराकडून आणला, चाळला, दोन दिवस उन्हात वाळवला आणि अगदी दगडासारखी घट्ट उशी भरली. शिलाईच्या ज्या तुकड्याची कड आत वळते त्याच्या मायेला टिपेच्या अलीकडेपर्यंत कातरे मारा, ज्याची बाहेर फुगते त्याच्या मायेतून बारीक त्रिकोण काढा. मग उशीवर पसरून थोडी थोडी दाबत जा.

बाहीसारख्या नळीत उशी शिरत नाही. तिथे टॉवेलमध्ये गुंडाळलेलं लाटणं घाला. माया दोन्ही बाजूंनी खाली उतरते, त्यामुळे तिच्या कडा सुलट्या बाजूवर उमटत नाहीत. (सपाट जागेवर दाबताना मायेखाली कोऱ्या कागदाची पट्टी सरकवली तरी चालतं. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.) कुर्त्याची बाही जोडलीत की मुंढ्याची शिलाई मात्र उघडू नका. माया बाहीकडे वळू द्या आणि फक्त मायेवरच टोक टेकवा. दोन्ही माया एकत्र ओव्हरलॉक केल्या (धागे सुटू नयेत म्हणून कडेने गुंफून शिवल्या) असतील तर त्या उघडणारच नाहीत, एका बाजूला पाडा. बाजूच्या शिलाईत मी मागच्या बाजूला पाडते.

इस्त्री किती तापवायची? तयार कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात टिंबं असतात: एक म्हणजे कमी तापलेली, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त. पण दुकानातून मीटरवर आणलेल्या कापडाला लेबल कुठलं? म्हणून कापताना उरलेल्या तुकड्यावर एक टीप मारून आधी तिथे दाबून बघा. हे मी शिकले ते खणाच्या ब्लाऊजवर, बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री. खण सुती समजून इस्त्री तापवली आणि काठावर ठेवली. काठातली जरीची तार प्लॅस्टिकची होती, क्षणात आकसून तिच्या गाठी झाल्या. रात्री अकरा वाजता बाहीचा काठ उसवून दुसरा लावला. तेव्हापासून काठाकडची शिलाई मी उलट्या बाजूनेच दाबते, फडका टाकून. प्लॅस्टिकच्या डोक्याच्या टाचण्याही आधी काढा. मेणाच्या खडूच्या खुणाही आधीच पुसा, वितळून त्यांचे तेलकट डाग पडतात.

तुमचा शिवून झालेला कुर्ता वाया गेला असं नाही. बाजूच्या शिलाया आताही उलटून नीट दाबता येतील. खांद्यांसाठी मात्र गळ्याची पट्टी खांद्याजवळ दोनेक इंच उसवा, आत माया दाबा आणि पट्टी पुन्हा शिवा. अर्ध्या तासाचं काम आहे.