विमानाचं नंतर बोलू, आधी ती पॉलिसी बघू

जुळे सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४७, अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप, यंत्रमागाचे सुटे भाग बनवतात. ते लिहितात:

"२०२५ च्या जूनमध्ये होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं. पहिल्या दिवशी दुकान बंद ठेवून गच्चीत उभा होतो. लहानपणापासून डोक्यात एकच आहे, स्वतःच्या हातानं विमान बांधायचं. अमेरिकेतलं दोन आसनी किट ३३ हजार डॉलरला मिळतं, म्हणजे ३० लाख. पत्रा कापणं, भोकं पाडणं, रिव्हेट मारणं हे माझं रोजचंच काम आहे, शेडही आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली १२ लाखांची एफडी मोडून उरलेल्या पैशासाठी घरावर टॉप-अप कर्ज काढू, की सगळे ३० लाख टॉप-अपमधूनच काढू? इंजिन वेगळं घ्यावं लागतं, पण त्याच्या पैशांची काळजी नाही. २०३३ ला पॉलिसीचे गॅरंटीड ५० लाख येणार आहेत. त्याच पॉलिसीत विमाही आहे, म्हणून वेगळा घेतलेला नाही."

सोबत आकडे आहेत. मशीनचा हप्ता जाऊन महिन्याला १ लाख १० हजार हातात येतात. घरखर्च ६० हजार, घराचा हप्ता १५ हजार. पॉलिसीचे वर्षाला २ लाख, म्हणजे महिन्याला १७ हजार. घरकर्ज ९ लाख बाकी, सीएनसी मशीनचं कर्ज १४ लाख बाकी. घरात पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या आई. मेडिक्लेम नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देतो. एफडी मोडू नका आणि टॉप-अपही काढू नका. ३० लाख, ९ टक्के, दहा वर्षं म्हणजे महिन्याला ३८ हजारांचा हप्ता. तुमच्याकडे सगळं भागवून १८ हजार उरतात.

आता त्या पॉलिसीकडे येऊ. तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्र वाचून मी विमानाचा विचार बाजूला ठेवला आणि तुमच्याकडून पॉलिसीच्या पानांचे फोटो मागवले.

पहिल्या पानावर लिहिलंय: हप्ते भरण्याची मुदत १२ वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं. मार्च २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा पैसे मिळणार मार्च २०४१ मध्ये. २०३३ ला फक्त हप्ते थांबतात, हातात एक रुपया येत नाही. तुम्ही ६२ वर्षांचे व्हाल तेव्हा इंजिनाचे पैसे येतील.

दुसरी गोष्ट, ते ५० लाख. पॉलिसीत शेवटी किती मिळेल याचा जो तक्ता असतो, त्यात दोन रकाने आहेत, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा. पहिल्यात शेवटी ३५ लाख दिसतात, दुसऱ्यात ५० लाख. बँकेतल्या माणसानं दुसऱ्या रकान्यावर पेनानं गोल केलाय, तो गोल फोटोत स्पष्ट दिसतो. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे दोन्ही दर निव्वळ उदाहरणादाखल आहेत, हमी नाही. शिवाय ८ टक्के हा कंपनीच्या गुंतवणुकीवरचा गृहीत दर. कमिशन, खर्च आणि विम्याचं शुल्क कापून तुमच्या वाट्याला काय येतं? १२ वर्षं दोन-दोन लाख भरून विसाव्या वर्षी ५० लाख म्हणजे साधारण ५ टक्के. ३५ लाख म्हणजे अडीच टक्के. पोस्टातल्या पीपीएफवर आज ७.१ टक्के मिळतात. तुमच्या समजुतीप्रमाणे बाराव्या वर्षीच ५० लाख मिळायचे असते, तर ती गुंतवणूक ११ टक्क्यांची झाली असती, तीही हमीसकट आणि वर विमा. असं काही बाजारात नाही. मुदतीचा आकडा तुम्हाला चुकीचा सांगितला गेला, त्याचा मला खरोखर राग येतो, कारण हेच पान मी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या फाइलमध्ये बघतो.

पण पैसे कमी मिळणार ही यातली लहान चूक आहे. मोठी चूक तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे.

या पॉलिसीतला विमा २० लाखांचा. तुमची दोन्ही कर्जं मिळून २३ लाखांची. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर विम्याचे सगळे पैसे आणि जमलेला थोडाफार बोनस कर्ज फेडण्यातच जाईल. मग ६० हजारांचा घरखर्च, मुलीची फी, मुलाची शाळा आणि आईची औषधं वहिनींनी कशातून भागवायची? मुलीच्या एफडीतून? ती दीड वर्षात संपेल. मशीन विकून? सेकंडहँड सीएनसीला घाईत काय भाव येतो ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आणि हा माणूस आता स्वतः बांधलेल्या विमानात बसायचं म्हणतोय.

तेव्हा पहिलं काम, दीड कोटीची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा नुसता विमा, ६५ वयापर्यंत. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला ४०-५० हजारांच्या आसपास बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढी बचत आहे. अर्जात धोकादायक छंद आणि प्रवासी म्हणून बसणं सोडून अन्य हवाई उड्डाण याबद्दल प्रश्न असतो. तिथे खरं लिहा: विमान बांधण्याचा आणि पुढे उडवायला शिकण्याचा विचार आहे. कंपनी थोडा जादा हप्ता मागेल किंवा उड्डाणाचा धोका वगळेल, पण घरच्यांना नंतर कज्जा लढावा लागणार नाही. तीन वर्षांनी कंपनीला पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही, हे विमा कायद्याचं कलम ४५ कुणीतरी तुम्हाला सांगेलच. त्याच्या भरवशावर काही लपवू नका. अपघात विमा आणि टर्मसोबत जादा पैसे भरून मिळणारी अपघाताची जोड (रायडर) यांत प्रवासी विमानातले प्रवासी सोडून बाकी उड्डाण बहुतेक वगळलेलंच असतं. त्याचे पैसे भरून गैरसमजात राहू नका.

दुसरं काम मेडिक्लेम. तुम्ही दोघं आणि मुलं मिळून १० लाखांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच विमा, ३०-३५ हजारांत येईल. आईंना त्यात घेऊ नका, हप्ता दुप्पट होईल. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. आधार कार्ड घेऊन आईंचं वय वंदना कार्ड काढा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता जुन्या पॉलिसीचं काय करायचं? आजवर पाच हप्ते, १० लाख भरले. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर साडेपाच लाखांच्या आसपास मिळतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. हप्ते थांबवून पेड-अप ठेवली, तर २० लाखांच्या पाच-बारांश म्हणजे ८ लाख ३३ हजार, त्यात जमलेला बोनस, असे बारा-साडेबारा लाख २०४१ ला मिळतील. तेच साडेपाच लाख ७ टक्क्यांनी पंधरा वर्षं ठेवले तर १५ लाख होतात. आणि पॉलिसी चालूच ठेवली, दोन रकान्यांच्या मधला आकडा धरला, तर ४२ लाख. पण त्यासाठी अजून १४ लाख भरायचे. सरेंडरचे पैसे आणि पुढचे सात हप्ते ७ टक्क्यांनी वाढवले तर ४७ लाख होतात. तीनही बाजूंनी हिशेब एकाच जागी येतो: सरेंडर.

साडेचार लाख बुडाले म्हणून जीव तुटेल, तुटायलाच हवा. पण जॉब मापात बसला नाही तर तुम्ही त्याच्यावर आणखी चार तास मशीन चालवत बसता का? चकातून काढता आणि नवा बार लावता. फक्त क्रम चुकवू नका. नवी टर्म पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही. आलेल्या साडेपाच लाखांना विमानाचं नाव लावू नका. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून महिन्याला ७५ हजार, तेव्हा हा सहा-सात महिन्यांचा आधार झाला. तुमच्याकडे आज तो नाहीच. व्यापाऱ्यानं पैसे तीन महिने अडकवले तर तुम्ही मुलीच्या एफडीलाच हात लावाल.

आता विमान. माझ्या घरच्यांना वाटलं होतं मी "वेडेपणा सोडा" असं लिहीन. तसं लिहिणार नाही. मायक्रॉनमध्ये माप धरणारा माणूस हे काम करू शकतो. ॲल्युमिनियमचं किट निवडलंत तेही बरोबर केलंत. फायबर आणि इपॉक्सीचं असतं तर सोलापूरच्या मे महिन्यात रेझिन पसरायच्या आतच घट्ट व्हायला लागलं असतं.

पण ३० लाख हा फक्त सांगाडा आहे. इंजिन त्यात नसतं. अशा विमानांना सर्रास लागणारं रोटॅक्स ९१२, शंभर अश्वशक्तीचं, जोडणीच्या सामानासकट २५ हजार डॉलरच्या घरात जातं. पंखा, उपकरणं, रेडिओ, रंग धरून आणखी १५ हजार. म्हणजे ७३ हजार डॉलर, ९० रुपयांनी ६६ लाख. वर जहाजाचं भाडं आणि कर. खासगी वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि माल सुट्या भागांत आला तरी कस्टम्स त्याला विमानच समजेल असं धरून चाला. बेरीज ९० लाखांच्या पुढे जाते. टॉप-अप काढला असता तर शेडमध्ये ३० लाखांचा पत्रा आणि डोक्यावर दहा वर्षांचा हप्ता उरला असता.

परवानगीचंही बघा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात मुंबईकरांनी ते वांद्रे-कुर्ला संकुलात बघितलं. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात, आणि ते तर पेशानेच वैमानिक. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं की हौशी बांधणीच्या वर्गात विमान बसतं, तो त्यांचा नियम आहे. आपल्याकडे तुमचं विमान कोणत्या वर्गात बसेल, हे डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, आधी लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत पंखांची ऑर्डर देऊ नका.

आणि कधीही, कोणत्याही कंपनीला सगळ्या किटचे पैसे आगाऊ देऊ नका. ऑरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टची दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव. तिलाही डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली जावं लागलं, आणि आगाऊ पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांपुढे वाढीव भाव मान्य करण्याची वेळ आली.

सुदैवानं किट तुकड्यांत मिळतं. शेपटीपासून सुरुवात करायची हीच रीत आहे. त्याहूनही लहान म्हणजे नुसता रडर, शेपटीचा उभा हलता भाग. झेनिथसारखी कंपनी रडरचं किट काही शे डॉलरला वेगळं विकते. भाडं आणि कर धरून लाखाच्या आत घरी येईल. दोन-चार रविवारचं काम आहे. एवढ्यात हे काम आपल्याला आवडतं, की नुसती विमानाची ओढ आहे, ते कळतं. सगळं विमान दीड हजार तासांचं काम धरा. आठवड्याला दहा तास दिले तरी तीन वर्षं, आणि दिवाळीआधी ऑर्डरींची गर्दी असते तेव्हा दहा तास कुठून आणणार?

पैसे असे निघतात: पॉलिसीचे १७ हजार आणि उरणारे १८ हजार मिळून महिन्याला ३५ हजार. टर्म आणि मेडिक्लेमला ७-८ हजार. १५ हजार पीपीएफ आणि इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड), तुमच्या म्हातारपणासाठी. त्याची सोय पत्रात कुठेच दिसली नाही. राहिलेले १२-१३ हजार विमानाचे, त्याचा हिशेब कुणी मागणार नाही. पहिल्या वर्षी रडर. नंतर जमतील तसे पैसे उड्डाण शिकायला. खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान ४० तास उड्डाण लागतं, तासाला १०-१५ हजार धरले तर ४-६ लाख. त्याआधी द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. ४७ व्या वर्षी साखर किंवा रक्तदाब निघाला, तर पंख मागवण्याआधी कळलेलं बरं. बारामतीला जाऊन एकदा शिकाऊ विमानात बसून या.

महिन्याला १२ हजारांत ९० लाखांचं विमान होत नाही, हे मी लपवत नाही. मशीन आणि घर, दोन्ही कर्जं फिटली आणि मुलीचं शिक्षण झालं की ही रक्कम तिप्पट होऊ शकेल. तेव्हाही एकट्यानं घेऊ नका. तुमच्यासारखे अजून तिघे शोधा आणि चौघांत एक विमान बांधा. खर्च चौथाई होतो आणि रिव्हेट मारताना पत्र्यामागे ठोकळा धरायला दुसरा माणूस लागतोच.

सहावा हप्ता मार्चमध्ये आहे. टर्मचा अर्ज या आठवड्यात टाका, तपासणीला दोन-तीन आठवडे जातात. हप्त्याच्या तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात नवी पॉलिसी हातात यायला हवी. बँकेतून फोन येईल, "सर, आत्ता तोडू नका" म्हणतील. त्यांना एवढंच विचारा की २०३३ ला किती मिळणार, ते बँकेच्या लेटरहेडवर लिहून द्या. आणि जुन्या पॉलिसीचं पहिलं पान आज रात्री वहिनींना दाखवा, २० वर्षं लिहिलंय तिथे बोट ठेवून.